शके १८४० ची मानमोडी व कोतवाल बुकांतील गर्भिणी

वऱ्हाडचा इतिहास लिहावयाचा म्हणजे सनदा, महजर, वतनपत्रें व देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें धुंडाळावयाचीं, अशी आपल्या मंडळींची रूढ समजूत आहे, व ती चुकीची आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्याला संग्राहक बहुधा हातही लावीत नाहींत असा एक कागद गांवोगांव होता. तो म्हणजे जन्ममृत्यूची वही, जिला आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात. ही वही विवेकानें वाचल्यास, जिची नोंद तींत कोठेंच नाहीं अशा एका व्यक्तीचा इतिहास तींतून निघूं शकतो. ती व्यक्ति म्हणजे गर्भिणी स्त्री. हेंच येथें दाखवावयाचें आहे.

नेर परसोपंत हें आमचें गांव. आज तें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. आमच्या लहानपणीं कोणाचें वय सांगावयाचें झालें म्हणजे म्हाताऱ्या बायका ‘मानमोडीच्या सालचा’ किंवा ‘मानमोडीच्या आदल्या सालचा’ असें म्हणत. ‘मानमोडीच्या पुढल्या सालचा’ असें मात्र क्वचितच कानीं येई. ह्या क्वचितपणाचा अर्थ कळण्यास आम्हांस फार वर्षें लागलीं.

मानमोडी म्हणजे इ. स. १९१८ चा इन्फ्लुएंझा. जून १९१८ मध्यें तो मुंबईंत प्रकट झाला. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी उठली व आगगाडीच्या मार्गांनीं देशभर पसरली. त्या वर्षीं पावसानें दगा दिला होता व धान्य महागलें होतें. आश्विन-कार्तिकांत मध्यप्रांत व वऱ्हाड येथें मृत्यूचा कहर झाला. अत्यंत पीडित प्रांतांत ह्या प्रांताची गणना होते. सबंध देशांत एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसें दगावलीं. त्यांत वीस ते चाळीस वयाचीं तरणीं माणसें फार, व पुरुषांहून स्त्रिया अधिक. १९११ ते १९२१ हें आपल्या जनगणनेंतील असें एकच दशक आहे कीं, ज्यांत लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली.

आतां वहीकडे वळूं. मृत्यूच्या नोंदींत तारीख, वय, जात व कारण. आणि साथीच्या दिवसांत कारण बहुधा एकच, ‘ताप’. सरकारी आंकड्यांतही इन्फ्लुएंझाचे बहुतेक मृत्यु तापाखालींच गेले. जन्माच्या नोंदींत बापाचें नांव व पुढें ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. मयत स्त्री गर्भवती होती कीं नव्हती हें लिहिण्यास रकाना नाहीं, आणि पोटांतच गेलेलें मूल जन्मांतही नाहीं व मृत्यूंतही नाहीं.

मग पुरावा कोठला? भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. येथें तेंच उपयोगी पडतें. १९१७, १९१८ व १९१९ ह्या तीन सालांचे जन्म महिनावार मांडावे. साथीच्या शिखरानंतर सहा-सात महिन्यांनीं जी तूट दिसेल, ती साथीच्या वेळीं नुकत्याच गर्भवती असलेल्या, मेलेल्या किंवा गर्भ गमावलेल्या स्त्रियांची साक्ष होय. नऊ-दहा महिन्यांनंतरची तूट बहुतांशीं त्या दिवसांत गर्भच न राहिल्याची समजावी. १९१९ सालीं देशांत जन्म घटले हें सिद्धच आहे. मात्र नोंद लिहिणाराच आजारी पडून वही कोरी राहिली नाहीं ना, मध्येंच हस्ताक्षर बदललें आहे काय, हें आधीं तपासावें. नाहीं तर लेखकाचा ताप आपण गांवाच्या माथीं मारूं.

गर्भिणीस ही साथ विशेष घातक होती, हें अनुमान नव्हे. अमेरिकेंत डॉ. हॅरिस ह्यांनीं १९१९ सालीं १३५० गर्भवती रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारें निम्म्या जणींस फुफ्फुसदाह झाला व शेंकडा २७ मरण पावल्या. गर्भिणीच्या रोगांचा वेगळा विचार करावा ही दृष्टि आपल्याकडे जुनीच आहे. काश्यपसंहितेंत अंतर्वत्नीचिकित्सा हा स्वतंत्र अध्याय आहे.

उपाय मात्र फार उशिरा आला. १९१८ सालीं रोगाचें बीज एक जंतु मानला जाई व त्यावरून लशी केल्या जात. खरा विषाणु १९३३ सालीं लंडनमध्यें हातीं लागला. सहा महिन्यांच्या आंतील बालकास इन्फ्लुएंझाची लस देतां येत नाहीं. त्यास संरक्षण मिळावयाचें तें मातेच्या रक्तांतूनच. बांगलादेशांत ३४० मातांवर झालेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहींत ही लस दिलेल्या मातांच्या बालकांत सिद्ध इन्फ्लुएंझा शेंकडा ६३ नें कमी आढळला. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं गर्भवतींना ही लस विनामूल्य देण्याचें ठरविलें. तान्ह्यांच्या श्वसनमार्गास ग्रासणारा आर.एस.व्ही. नांवाचा दुसरा विषाणु १९५६ सालीं सांपडला. त्यावरील पहिल्या लशीच्या प्रयोगांत, १९६० नंतरच्या दशकांत, रोग उलट बळावून दोन बालकें दगावलीं व काम मागें पडलें. मातेस द्यावयाची लस अमेरिकेंत २०२३ सालीं मान्य झाली.

आमच्याच अमरावती विभागांतील मेळघाटांत डॉ. आशीष सातव ह्यांच्या ‘महान’ संस्थेनें २०१६ पासून ह्याच विषाणूची पाहणी केली. तिचा विशेष हा कीं, रुग्णालयांत आलेलींच नव्हे, तर घरींच मेलेलीं बालकेंही तींत मोजलीं. गांवांत जाऊन प्रत्येक मृत्यु टिपणें हें काम शंभर वर्षांपूर्वीं, वेडेंवांकडें कां होईना, कोतवाल बुक करीत होतें.

आज ह्या वह्या उघडल्या जातात त्या बहुधा जातीच्या दाखल्यासाठीं. एका नांवाची नक्कल घेतली कीं बाकीचें पान कोणी पाहत नाहीं. कागद ठिसूळ झाला आहे, कडा झडत आहेत, व आधीं झडतात तीं शेवटचीं पानें. काश्यपसंहिता नेपाळांत राजगुरु हेमराज शर्मा ह्यांस मिळालेल्या एका खंडित ताडपत्री पोथीवरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. कोणी ती पोथी रद्दी म्हणून टाकली असती तर बालवैद्यकाचा तो ग्रंथच आपल्या हातीं आला नसता. संग्राहक मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, आपापल्या गांवच्या १९१७ ते १९१९ च्या वह्यांच्या पूर्ण पानांच्या प्रति परवानगीनें करून घ्याव्या व महिनावार मोजणी ह्या त्रैमासिकाकडे धाडावी. ज्या मायलेकरांना रकाना मिळाला नाहीं, त्यांची निदान संख्या तरी इतिहासांत लागावी.