मकरानची वाट

कराचीहून पश्चिमेला ग्वादरकडे जाणारा मकरानचा किनारी रस्ता २००४ च्या सुमारास पुरा झाला. सुमारे ६५० किलोमीटरांची ही वाट. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला वाऱ्यापावसाने कोरलेले मातीचे उघडेबोडके डोंगर. बुझीच्या घाटात तर कड्यांना बुरुजांचे, मनोऱ्यांचे, उभ्या माणसांचे आकार आले आहेत. प्रवासी मोटार थांबवतात, छायाचित्रे घेतात आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठतात. हिंगोल नदीजवळच्या हिंगलाजदेवीला (आपल्याकडील भावसारांची ती कुलस्वामिनी) पूर्वी यात्रेकरू उंटावरून किंवा पायी जात. आता गाडी जाते.

ह्याच मुलखातून, थोडे आतल्या बाजूने, इ.स.पूर्व ३२५ मध्ये शिकंदर मायदेशाकडे परतला. निआर्कसचे आरमार समुद्रातून यायचे होते. त्याच्यासाठी किनाऱ्याने विहिरी खणाव्यात, धान्य साठवावे, असा बेत होता. पण पुढे सैन्यालाच पाणी मिळेना. आरमारासाठी मोहोरबंद करून पाठवलेले धान्य पहारेकऱ्यांनीच मोहोर फोडून खाल्ले. राजाने त्यांना क्षमा केली. दुसरे तो करणार काय? शिपाई ओझ्याची जनावरे मारून खात आणि तहानेने मेली म्हणून सांगत. गाड्याही मोडून टाकल्या. मग आजारी माणूस वाटेत पडला, की तो तिथेच राही.

ह्या प्रवासातली एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते. शिरस्त्राणातून आणलेले घोटभर पाणी राजाने साऱ्यांदेखत वाळूत ओतले, ती. वर्गात सांगताना मुले श्वास रोखून ऐकतात. पण ती देणाऱ्या एरिअनने तिच्या जरा आधीच दुसरी एक हकीगत लिहून ठेवली आहे. तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही.

तळ एका लहानशा ओढ्याकाठी पडला होता. पाऊस दूर कुठे तरी झाला. तळावर कोणाला त्याची चाहूलही नव्हती. ऐन रात्री ओढ्याला लोंढा आला. शिपाई हत्यारांनिशी कसेबसे निसटले. सैन्यामागून फरफटत आलेल्या बायकामुलांपैकी बहुतेक वाहून गेली. राजाचे सामानसुमानही गेले. इतके दिवस थेंबाथेंबासाठी तडफडलेल्या माणसांना अखेर पाण्यानेच गाठावे! एरिअन त्यांची संख्या देत नाही; एका वाक्यात त्यांना आणि राजाच्या सामानाला निरोप देऊन तो पुढे चालू लागतो.

साठ दिवसांनी उरलेले सैन्य पुरा शहरी पोहोचले. लढणाऱ्यांपैकी चौथा हिस्साही परतला नाही, असे प्लूटार्क म्हणतो. आकडा फुगवलेला असेल. पण त्या हिशेबातही ही बायकामुले धरलेली नाहीत.