पक्ष्यांवरील चर्वक उवांचे वर्गीकरण

पक्ष्यांवरील चर्वक उवा हे पक्ष्यांच्या पिसांत व त्वचेवर राहणारे, पंख नसलेले, चपट्या शरीराचे परजीवी कीटक होत. माणसाच्या डोक्यातील ऊ रक्त शोषते. पक्ष्यांवरील उवांना मात्र चावण्याचे जबडे असतात, म्हणून त्यांना चर्वक उवा म्हणतात. अंड्यापासून मृत्यूपर्यंतचे त्यांचे सर्व आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सूचीत चर्वक उवांच्या ४,४६४ जाती ग्राह्य धरल्या होत्या. त्यांतील बहुसंख्य जाती पक्ष्यांवरील असून उरलेल्या सस्तन प्राण्यांवर आढळतात. त्यानंतरही नव्या जातींची भर पडत आहे. या कीटकांच्या वर्गीकरणात उवेच्या शरीररचनेइतकेच महत्त्व ती कोणत्या पक्ष्यावर सापडली या नोंदीला असते. ही नोंद चुकली, तर वर्णन कितीही काटेकोर असले तरी जातीची ओळख डळमळीत होते.

शरीररचना आणि जीवनक्रम

बहुतेक जातींची लांबी १ ते ५ मिलिमीटर असते. शिकारी पक्षी व गिधाडे यांच्यावरील लीमोबोथ्रियॉन वंशाच्या उवा मात्र सुमारे १ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. मादी पिसांच्या तंतूंना लिखा चिकटवते. लिखेतून बाहेर पडलेले पिल्लू प्रौढासारखेच दिसते व तीनदा कात टाकून प्रौढ होते. कबुतरावरील कोलंबिकोला कोलंबी या जातीत हा क्रम साधारणतः तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होतो.

पक्ष्याच्या शरीरावर प्रत्येक उवेची जागा ठरलेली असते आणि तिचा बांधाही त्या जागेला साजेसा असतो. पंखांच्या मोठ्या पिसांवरील उवा लांबट व सडपातळ असतात आणि पिसाच्या तंतूंमधील खाचेत आडव्या बसतात. अंगावरील मऊ पिसांत राहणाऱ्या उवा रुंद व गोलसर असतात. डोक्यावरील उवांचे डोके मोठे व त्रिकोणी असते, कारण पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्यांना पळण्याची गरज कमी पडते. चोच हे पक्ष्याचे उवांविरुद्धचे मुख्य शस्त्र आहे. कबुतराच्या वरच्या चोचीचे टोक खालच्या चोचीपुढे किंचित आलेले असते. संशोधकांनी एवढेच टोक कापले, तेव्हा त्या कबुतरांवरील उवा लक्षणीयरीत्या वाढल्या.

गण आणि उपगण

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ क्रिस्टियान लुडविग नित्श यांनी १८१८ साली या कीटकांसाठी ‘मॅलोफॅगा’ हे नाव वापरले. ‘लोकर खाणारे’ असा त्याचा ग्रीक अर्थ आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत मॅलोफॅगा हा स्वतंत्र गण म्हणून दिलेला आढळतो, परंतु ही विभागणी आता मानली जात नाही. रक्त शोषणाऱ्या उवा चर्वक उवांच्याच एका शाखेतून उत्क्रांत झाल्या, असे जनुकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यामुळे ‘चर्वक उवा’ हे आज सोयीचे नाव आहे, नैसर्गिक गटाचे नव्हे. सर्व परजीवी उवा आता सोकोडिया या गणात ठेवल्या जातात. जुन्या पुस्तकांत व झाडांच्या सालींवर दिसणारे बारीक सोसिड कीटकही याच गणात येतात.

पक्ष्यांवर दोन मोठे गट आढळतात. ॲम्ब्लिसेरा गटातील उवांच्या गदेसारख्या आखूड शृंगिका डोक्याच्या कडेच्या खोबणीत दडलेल्या असतात. त्यांचे जबडे आडव्या पातळीत हलतात आणि त्या पिसांबरोबर त्वचेचे कण व काही वेळा रक्तही खातात. या उवा चपळ असतात व मेलेला पक्षी सोडून दुसरीकडे जाऊ शकतात. पक्षी हाताळणाऱ्याच्या मनगटावर चढते ती ऊ बहुधा याच गटातील असते. इस्क्नोसेरा गटातील उवांच्या शृंगिका धाग्यासारख्या व उघड्या असतात. त्यांचे जबडे उभ्या पातळीत चालतात आणि मुख्य आहार पिसांचा असतो. या उवा पिसांना इतक्या जखडलेल्या असतात की त्वचेवर नीट चालूही शकत नाहीत. पक्षी बदलण्यासाठी त्यांतील काही जाती पक्ष्यांवरील हिप्पोबोसिड माश्यांच्या पायांना किंवा अंगाला चिकटून प्रवास करतात.

अभ्यासाचा इतिहास

इटालियन निसर्गअभ्यासक फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ सालच्या ग्रंथात पक्ष्यांच्या उवांची चित्रे दिली होती. १७५८ साली कार्ल लिनियस यांनी द्विनाम पद्धतीने जी मोजकी नावे दिली, त्यांत मोरावरील उवेचे नाव होते. त्यांनी तिला माणसाच्या उवेच्याच वंशात घालून पेडिक्युलस पाव्होनिस म्हटले. आज ती गोनिओडिस पाव्होनिस या नावाने ओळखली जाते. भारताच्या राष्ट्रीय पक्ष्यावरील ऊ अशा रीतीने प्राणिनामकरणाच्या पहिल्याच वर्षी नोंदली गेली.

भारतीय पक्ष्यांवरील सगळ्याच उवांची नावे भारतात मिळालेल्या नमुन्यांवरून ठेवली गेली नाहीत. साळुंकी एकोणिसाव्या शतकात हवाई बेटांवर नेण्यात आली, तेव्हा तिच्या अंगावरील उवाही सोबत गेल्या. केलॉग व चॅपमन यांनी १९०२ साली हवाईतील पक्ष्यांवरील उवांचा अभ्यास करताना त्यांतील एका जातीला ‘इन्व्हेडेन्स’, म्हणजे आक्रमण करणारी, असे नाव दिले. आज ती मिर्सिडिया इन्व्हेडेन्स म्हणून ओळखली जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश म्युझियमच्या थेरेसा क्ले यांनी या विषयाला शिस्त लावली. जी. एच. ई. हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी १९५२ साली सिद्ध केलेली वंश व जातींची सूची पुढील अर्धशतक प्रमाण मानली गेली. भारतात लखनौ येथील बी. के. टंडन यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील उवांविषयी लेखमाला प्रसिद्ध केली. गाणाऱ्या पक्ष्यांवरील ब्रुएलिया हा वंश दीर्घकाळ अडगळीच्या खोलीसारखा वापरला जात होता. जी जाती कुठेच बसत नसे ती त्यात टाकली जाई. २०१७ साली गुस्ताफसन व बुश यांनी या समूहाची पुनर्रचना करून अनेक नवे वंश वेगळे केले.

नव्या जातीचे वर्णन

उवा मिळवण्यासाठी पक्षी मारावा लागत नाही. जाळीत धरलेल्या पक्ष्याच्या पिसांत पायरेथ्रिनची भुकटी चोळतात, काही मिनिटे थांबतात आणि पांढऱ्या कागदावर पिसे विंचरून पडलेल्या उवा मद्यार्कात जमा करतात. नियम साधा, पण कडक आहे: एका पक्ष्याला एक कागद आणि एक कुपी. दोन पक्षी एकाच कापडी पिशवीत ठेवले, तर एकाच्या उवा दुसऱ्यावर जातात व पुढची सर्व नोंद संशयास्पद ठरते. संग्रहालयांतील जुन्या पक्षिकातड्यांच्या पिसांतूनही वाळलेल्या उवा मिळतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या, १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या संग्रहाचे मोल अशा अभ्यासात वेगळ्याच अंगाने कळते.

नंतर उवेला पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून शरीरातील मऊ भाग विरघळवतात. उरलेले पारदर्शक कवच धुऊन, मद्यार्कात निर्जल करून, लवंग तेलातून काढून काचपट्टीवर कॅनडा बाल्समखाली बसवतात. डीएनए हवा असल्यास अलीकडे रसायनाऐवजी विकर वापरतात; त्यामुळे जनुकीय द्रव्य मिळते आणि कवचही अभ्यासासाठी शाबूत राहते.

सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याचा आकार व लांबी-रुंदीचे प्रमाण, उदराच्या प्रत्येक खंडावरील रोमांची संख्या व जागा, मादीच्या जननद्वाराची कडा आणि विशेषतः नराच्या जननांगाची घडण पाहिली जाते. जवळच्या जातींत पुष्कळदा एवढाच शेवटचा फरक निर्णायक असतो. रंग व आकार यांवर विसंबणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात पांढऱ्या, काळ्या व राखी कबुतरांवर एकाच मूळ जातीच्या उवा चार वर्षे वाढवल्या. सुमारे साठ पिढ्यांत पांढऱ्या कबुतरांवरील उवा फिकट व काळ्यांवरील गडद झाल्या. केवळ रंग पाहणारा अभ्यासक अशा उवांना दोन जाती ठरवून मोकळा झाला असता.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २००० सालापासून प्रत्येक नव्या जातीसाठी नामधारक नमुना स्पष्टपणे निश्चित करावा लागतो. एकच नमुना निवडला असल्यास त्याला होलोटाइप म्हणतात. उवांच्या बाबतीत ज्या पक्ष्यावरून हा नमुना मिळाला, त्याची नोंद ‘नमुना-यजमान’ म्हणून केली जाते. भारतात आणखी दोन कायद्यांचा संबंध येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी धरण्यासाठी परवानगी लागते. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार नव्या जातीची माहिती व नमुने अधिकृत संग्रहस्थानाकडे देणे बंधनकारक आहे. कोलकात्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था असे संग्रहस्थान आहे. तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे.

नाव ठेवण्यात वर्णनकर्त्याला मोकळीक असते. घुबडांवरील एका उवेला डेल क्लेटन यांनी १९९० साली अमेरिकन व्यंगचित्रकार गॅरी लार्सन यांच्यावरून स्ट्रिजिफिलस गॅरीलार्सोनी असे नाव दिले.

यजमानाची नोंद आणि तिच्यातील चुका

पुष्कळ उवा एकाच पक्षिजातीवर किंवा तिच्या निकटच्या नातलगांवर राहतात. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तरी कोकीळ-कुळातील पक्ष्यांवर क्युक्युलिकोलासारखे स्वतःचे वेगळे वंश आढळतात. युरोपातील कोकिळेच्या जातीवरील अभ्यासात, परक्या घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांवर या उवा नव्हत्या. पुढे आपल्याच जातीच्या पक्ष्यांशी संपर्क आल्यावर त्या मिळतात. बहुतेक पक्ष्यांत उवा आईबापांकडून पिल्लांकडे घरट्यातच जातात, म्हणून हा अपवाद लक्षणीय ठरतो.

यजमानावर इतका भर असल्यामुळे चिठ्ठीवरील चूक महागात पडते. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतर १९१४ साली नामशेष झाले. त्याच्यावरील कोलंबिकोला एक्स्टिंक्टस या उवेचे वर्णन १९३७ साली झाले. पक्ष्याबरोबर तीही संपली असे मानून तिला हे नाव देण्यात आले. पुढे १९९९ साली हीच जाती पट्टेदार शेपटीच्या कबुतरावर जिवंत असल्याचे दाखवण्यात आले. प्रवासी कबुतराच्याच नावावर असलेल्या कॅम्पॅन्युलोटिस डिफेक्टस या दुसऱ्या जातीची तपासणी केली, तेव्हा तिच्या नमुन्यावरची चिठ्ठीच चुकीची निघाली. ती ऊ प्रत्यक्षात एका ऑस्ट्रेलियन कबुतरावरील, आधीच नाव असलेली जाती होती.

चूक अनवधानाने होते; कधी नोंद जाणूनबुजूनही बदलली जाते. ब्रिटिश सैन्याधिकारी रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी पक्षिकातड्यांबरोबर उवांचाही प्रचंड संग्रह केला होता व तो ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यांच्या मृत्यूनंतर असे सिद्ध झाले, की त्यांनी इतरांची अनेक पक्षिकातडी चोरून त्यांवर स्वतःच्या खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. यातील एक प्रकरण महाराष्ट्राशी संबंधित आहे. रानपिंगळ्याचा १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचा त्यांचा नमुना वस्तुतः खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात जमवलेल्या नमुन्यांपैकी होता. ही खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. पक्ष्याच्या चिठ्ठीवरील गाव बदलले की त्या कातडीतून निघालेल्या उवेचे गावही बदलते. म्हणून अशा संग्रहांतील नोंदी ताज्या नमुन्यांशी ताडून घेणे वर्गीकरणकारांना भाग पडते.

ताम्हिणी आणि पुणे जिल्हा

खात्रीशीर यजमान व खात्रीशीर ठिकाण असलेले ताजे नमुने जंगलांतूनच मिळतात, आणि उवांच्या दृष्टीने त्या जंगलाची हवाही महत्त्वाची असते. मुळशी तालुक्यातील ताम्हिणी हे पुणे–माणगाव रस्त्यावरील घाटमाथ्याचे ठिकाण महाराष्ट्रातील अतिपावसाच्या भागांत मोडते. परिसरातील जंगलाचा काही भाग २०१३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. पिसे खाणाऱ्या उवा पाणी पीत नाहीत; त्या मुखांगांतील विशेष रचनेद्वारे हवेतील बाष्प शोषून घेतात. त्यामुळे कोरड्या हवेत त्या कमी होतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. पुणे जिल्ह्यात ताम्हिणीच्या ओल्या कड्यांपासून दौंड-इंदापूरच्या पर्जन्यछायेतील माळांपर्यंतचे अंतर फार नाही. दोन्हीकडे साळुंकी, बुलबुल, कावळे व होले आहेत. एकाच पक्षिजातीवरील उवांची घाटात व माळावर तुलना करण्यास असा प्रदेश सोयीचा आहे. कोरड्या भागात एखादी जाती सापडली नाही, तर तिचा यजमान नव्हता की तिला हवा मानवली नाही, हे अशाच तुलनेतून कळू शकते.

घाटमाथ्यावरील पक्ष्यांत वेगवेगळ्या उवा-वंशांचे यजमान एकत्र आढळतात. राखी रानकोंबड्याच्या वंशातील पक्ष्यांवर लिपेयुरस व गोनिओडिस, होले व पाचू कवडा यांच्या कुळावर कोलंबिकोला, घुबडांवर स्ट्रिजिफिलस, तर शीळकरी कस्तुरासारख्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटावर मिर्सिडिया व ब्रुएलिया समूहातील वंश राहतात. गावठी कोंबड्यांवरील मेनोपॉन गॅलिनी व मेनाकॅन्थस स्ट्रामिनियस या जाती कुक्कुटपालकांना परिचित आहेत. जास्त झाल्यास कोंबड्या अस्वस्थ होतात व अंडी कमी देतात.

यजमानाबरोबरचे विलोपन

यजमान पक्षी संपला की केवळ त्याच्यावरच राहणारी ऊही संपते. पक्षी वाचवतानाही ती नष्ट होऊ शकते. कॅलिफोर्निया कोंडोरचे उरलेले सर्व पक्षी १९८७ पर्यंत बंदिस्त प्रजननासाठी पकडण्यात आले. त्यांच्यावर कीटकनाशकाचा उपचार केल्यामुळे कोल्पोसेफॅलम कॅलिफोर्निसाय ही केवळ त्याच पक्ष्यावरून वर्णिलेली जाती नामशेष झाली, असे मानले जाते. तिचे वर्णन १९६३ साली झालेले असल्याने काय गमावले ते निदान नोंदले गेले. भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारणीभूत ठरलेल्या डायक्लोफिनॅक औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. या गिधाडांवर फाल्कोलिपेयुरस व लीमोबोथ्रियॉन यांसारख्या वंशांच्या उवा राहतात. त्यांतील काही जाती इतर शिकारी पक्ष्यांवरही आढळत असल्याने, गिधाडे घटल्याचा परिणाम सर्व जातींवर सारखा होत नाही.