बोटीच्या ट्रेलरला जपा गंजापासून!

प्रतिनिधी

मुंबईत समुद्राकाठच्या इमारतींत राहणाऱ्यांना खारी हवा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. खिडकीचे गज, गच्चीवरील पाइप आणि वाहनतळात उभी असलेली दुचाकी यांच्यावर ही हवा हळूहळू आपली खूण उमटवते. मग जे वाहन थेट समुद्राच्या पाण्यातच उतरते, त्याची अवस्था काय होत असेल? बोट वाहून नेणारा ट्रेलर हे असे वाहन आहे. बोटीची निगा सारेच राखतात. मात्र तिला किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या या लोखंडी सांगाड्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. रस्त्यात चाक जाम झाल्यावरच त्याची आठवण होते.

शिडाच्या होड्यांचे क्लब, तारकर्ली-मालवण परिसरातील जलक्रीडा व्यावसायिक, धरणांच्या जलाशयांत होड्या उतरवणारे हौशी नौकानयनपटू, अग्निशमन आणि बचाव यंत्रणा अशा अनेकांना ट्रेलरची गरज भासते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरांत बोटी रस्त्याने नेऊन पूरग्रस्तांपर्यंत पोहोचवाव्या लागल्या. वर्षातील अकरा महिने कोपऱ्यात उभा असलेला ट्रेलर अशा रात्री चालायलाच हवा. शिवाय वेगाने जाणाऱ्या ट्रेलरचे चाक निखळले, तर धोका केवळ बोटीला नसतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावरही बेतू शकते.

गंज चढतो कसा?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंजाची प्रक्रिया सुरू होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. क्षारयुक्त पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने ही प्रक्रिया कितीतरी वेगाने होते. त्यातच मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे ट्रेलर वरून कोरडा दिसला तरी सांध्यांत आणि फटींत साचलेले मीठ धातूला ओलेच ठेवते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. रंगाला फुगे येणे, जोडपट्ट्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जाणे ही त्याचीच लक्षणे होत.

यावरील सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे गॅल्व्हनायझिंग, अर्थात जस्ताचा मुलामा. लोखंडी सांगाडा सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढला जातो. जस्ताचे वैशिष्ट्य असे, की त्यावर बारीक ओरखडा पडला तरी ते आधी स्वतः झिजते आणि शेजारचे लोखंड वाचवते. मात्र हे कवच कायमचे नसते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ६ मिलिमीटरहून जाड पोलादावर त्याची सरासरी जाडी किमान ८५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. खाऱ्या पाण्यात ते वर्षागणिक पातळ होत जाते. करड्या पृष्ठभागावर लालसर तपकिरी डाग उमटू लागले, की तेथील जस्त संपले असे समजावे.

तपासणी कोठे करावी?

डोळ्यांना दिसणारा गंज बहुधा वरवरचा असतो. घात करतो तो आतला गंज. म्हणून पुढील जागा आवर्जून पाहाव्यात.

*सांगाडा :* चौकोनी पाइपचा सांगाडा आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. हलक्या हातोडीने ठोकत गेल्यास चांगले लोखंड खणखणीत वाजते. पोखरलेल्या जागी आवाज बद्द येतो. शंका आल्यास तेथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. वेल्डिंगचे सांधे, पाइपची टोके आणि तळाची बाजू येथे विशेष लक्ष द्यावे. पाणी निचरण्यासाठी ठेवलेली छिद्रे वाळूने बुजलेली नाहीत ना, हेही पाहावे.

*पाटे आणि यू-बोल्ट :* स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये मीठ अडकून राहते. पाटे फाकलेले दिसणे, मधल्या बोल्टजवळ बारीक तडा असणे, यू-बोल्टचे आटे झिजून बारीक होणे ही धोक्याची चिन्हे आहेत.

*चाकाची बेअरिंग :* रस्त्यात होणाऱ्या बिघाडांचे मूळ बरेचदा येथेच असते. लांबच्या प्रवासानंतर हब तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात गेला, की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून खारे पाणी आत ओढले जाते. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवावे. घरघर ऐकू आली किंवा चाक वर-खाली हलले, तर बेअरिंग उघडून पाहणे आवश्यक आहे. ग्रीस दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले, हे निश्चित. ही तपासणी करताना ट्रेलर केवळ जॅकच्या भरवशावर ठेवून त्याखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम घोड्या आणि चाकांना अडण्या लावाव्यात.

*इतर भाग :* मोटारीला जोडणारी कडी व तिचे कुलूप, सुरक्षेची साखळी, विंचची तार, ब्रेक, दिव्यांच्या वायरी आणि चाकाचे नट यांची पाहणी करावी. बोट टेकते त्या लाकडी फळ्यांवरचे कापड मीठ धरून ठेवते, त्याखालचे बोल्टही तपासावेत. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांपैकी एक लवकर झिजतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर पोलादी बोल्ट असल्यास मध्ये नायलॉनचे वॉशर घालणे हितावह ठरते.

निगा कशी राखावी?

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे गोडे पाणी. ट्रेलर समुद्रातून वर आला की त्याच दिवशी तो नळीने धुवावा. केवळ वरून पाणी मारून भागत नाही. पाइपच्या आत, पाट्यांमध्ये, ब्रेकच्या भागात आणि चाकांच्या मागे पाणी पोहोचले पाहिजे. मात्र उच्च दाबाचा फवारा थेट हबच्या सीलवर मारू नये. बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी ट्रेलर थोडा वेळ उभा करून हब हाताला गार लागेपर्यंत थांबावे. बेअरिंगमध्ये पाण्याला दाद न देणारे सागरी वापराचे ग्रीस भरावे आणि वर्षातून एकदा ती उघडून, साफ करून, नवे सील बसवावेत.

किरकोळ गंज आढळल्यास तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे. ती जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि त्यावर जस्तयुक्त प्रायमर लावून मग रंगाचे दोन हात द्यावेत. जस्तयुक्त प्रायमर उघड्या धातूला भिडला तरच उपयोगी पडतो. गंजावरच रंग फासणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय. हे काम कोरड्या दिवसांत उरकावे, पावसाळी दमट हवेत नव्हे.

खोलवर गेलेल्या गंजाबाबत तडजोड नसावी. मुख्य पाइप, अ‍ॅक्सल किंवा जोडकडीला भोक पडले असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर वरून पत्र्याचे ठिगळ न लावता तो भाग बदलावा. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो. त्याने ताप, थंडी भरू शकते. त्यामुळे हे काम सांध्याजवळचे जस्त घासून काढून, मोकळ्या हवेत, जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. वेल्डिंगनंतर त्या जागेला पुन्हा जस्ताचा लेप हवाच.

पावसाळ्यातील चार महिने

पावसाळ्यात सागरी जलक्रीडा बंद असतात आणि ट्रेलर एका जागी उभे राहतात. गंजाला हाच काळ सर्वाधिक मानवतो. त्यापूर्वी ट्रेलर धुऊन, वाळवून, ग्रीस भरून ठेवावा. तो मातीवर न ठेवता फरसबंदीवर किंवा फळ्यांवर, पुढचे टोक किंचित उंच करून उभा करावा, म्हणजे पाइपमधील पाणी निघून जाईल. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळल्यास आतील ओल कोंडते. छप्पर असावे, पण वारा खेळता राहावा. टायर न झिजताही जुने होतात. त्यांच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. भेगा पडलेले टायर बदलणेच श्रेयस्कर.

प्रत्येक वापरानंतर धुणे, महिन्यातून एकदा नट, दिवे व हब पाहणे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर संपूर्ण तपासणी करणे एवढे वेळापत्रक पाळले तरी पुष्कळ. त्याची नोंद एका वहीत तारखेनिशी ठेवावी. बचाव पथकांसाठी तर ही वही अत्यावश्यक मानायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. तो रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाची, हे विसरून चालणार नाही.

गंज एका रात्रीत चढत नाही आणि म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. प्रत्येक फेरीनंतर नळीखाली घालवलेली पंधरा मिनिटे ट्रेलरचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढवू शकतात आणि एखाद्या पुराच्या रात्री कुणाचे प्राणही वाचवू शकतात.