एका शब्दाची रझाकारी

आमच्या सीमाभागात दांडगाईला दोन शब्द. सगळ्या मराठी मुलखाचा ‘मोगलाई’ आणि खास आमचा ‘रझाकारी’. धाकट्याच्या ताटातलं उचललं की आजी ओरडायची, ‘ही काय रझाकारी लावलीस रे?’

त्यामुळे हैदराबादेत एक वयस्क उर्दू शिक्षक रक्तदान शिबिराची बातमी वाचून दाखवताना ‘रझाकार’ म्हणाले, तेव्हा मी दचकलोच. ते हसले. ‘अहो, रझाकार म्हणजे स्वयंसेवक. राजीखुशीने काम करणारा.’

या भल्या शब्दाचं पहिलं वाटोळं केलं ते कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या सेनेनेच. 1948 साली बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याला त्यांनी केलेली कत्तल आमच्याकडे अजून सांगतात. त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. रझाकारांविरुद्ध लिहिणारा हा माणूस मुसलमान होता, हे मात्र आमच्याकडे सहसा कोणी सांगत नाही.

13 सप्टेंबरला फौजा शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. रणगाडे, विमानं वापरलेल्या या मोहिमेला नाव ‘पोलीस ॲक्शन’! त्यानंतर ‘रझाकार’ हा शब्द कृत्यावरून सुटला आणि माणसाच्या नावाला चिकटला. मशिदीमागचं पडकं घर कोणाचं, असं मी लहानपणी विचारलं होतं. ‘रझाकाराचं,’ आजी म्हणाली. पुढे कळलं, तो गाद्या भरून देणारा पिंजारी होता.

जर्मनीत ड्रेस्डेनचे ज्यू भाषापंडित व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी नाझी अमलातल्या शब्दांच्या नोंदी जीव मुठीत धरून ठेवल्या. 1947 साली त्यांचं पुस्तक झालं. तिथे मरणाऱ्याला ‘उंटरमेन्श’, म्हणजे माणसाहून खालचा, आणि मारण्याला सरकारी कागदावर ‘विशेष वागणूक’. छळछावण्यांशी आपल्या मुलखाची बरोबरी मी करत नाही. पण मरणाऱ्याला एक शब्द नि मारण्याला दुसरा, ही जोडी वाचताना मला ते पडकं घर आठवलं.

केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वांत होरपळलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड, म्हणजे आपलेच. अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. त्यात एक नोंद आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जमावापासून वाचवलं, त्यात काहींचा जीवही गेला. समोरचा माणूस त्यांना रझाकार दिसला नसावा. शेजारच्या मागावर बसणारा दिसला.