थिओरा नावाची मोडी

मंडळी, आपण संगणकावर चित्रफीत उघडतो, ती चालू लागते, आपण बघत बसतो. ती कोणत्या साच्यात साठवली आहे हा प्रश्न पडतच नाही. पडतो तो ती चालेनाशी झाली की! या साच्यांनाही इतिहास आहे, आणि भाऊबंदकीही.

२००५ साली यूट्यूब आले तेव्हा ब्राउजरला चित्रफीत दाखवायला फ्लॅशचा टेकू लागे. हा टेकू नको, ब्राउजरनेच चित्रफीत दाखवावी, असा विचार एचटीएमएल५ च्या मसुद्यात होता. पण साचा कोणता? २००३ चा एच.२६४ गुणाने सरस, मात्र त्यावर अनेक कंपन्यांची पेटंटे. दुसरा उमेदवार थिओरा. ऑन२ नावाच्या कंपनीने २००१ मध्ये आपला व्हीपी३ साचा जगाला खुला केला आणि झिफ संस्थेच्या लोकांनी त्यातून थिओरा घडवला. कुणीही वापरावा, पैसे नाहीत. मसुद्यात त्याची शिफारसही झाली. ॲपल आणि नोकियाने हरकत घेतली आणि डिसेंबर २००७ मध्ये शिफारस गळाली. सर्वांना बांधील असा एक साचा पुढेही ठरला नाही.

२०१० मध्ये गूगलने ऑन२ विकत घेतली आणि तिचा व्हीपी८ वेबएम या साच्याचा भाग म्हणून खुला केला. साहजिकच थिओरा मागे पडला. २०२० च्या अखेरीस फ्लॅशही संपले. वापर नगण्य आणि सुरक्षेला धोका, असे सांगून क्रोमने २०२३ मध्ये थिओराला निरोप द्यायचे जाहीर केले व पुढच्या वर्षी दिलाही.

गंमत पुढेच आहे. गोडो हे खेळ बनवण्याचे इंजिन अर्जेंटिनात जन्मले आणि २०१४ मध्ये सर्वांना खुले झाले. एच.२६४ पेटंटांमुळे त्यात घेतला नाही. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत वेबएमही काढला, कारण तो सांभाळणे जड जात होते. ठेवला कोणता? थिओरा! ब्राउजरने घराबाहेर काढलेल्याला खेळाच्या अंगणात ओसरी मिळाली.

मला यात मोडी दिसते. शाळांतून ती गेली, वाचणारे मोजके उरले, पण दफ्तरांतले कागद मुके झाले नाहीत. कारण मोडीची अक्षरे कुणाच्या मालकीची नव्हती; शिकायची इच्छा असेल त्याला आजही शिकता येतात. थिओराचेही तसेच. त्याची बाराखडी उघड्यावर लिहून ठेवली आहे, म्हणून उद्याही कुणीतरी त्याचा वाचक तयार करू शकेल. ज्या साच्याची बाराखडी मालकाच्या कुलपात, त्याचे मात्र मालकाबरोबरच संपण्याचे भय.

असो. घरोघरी बारशा-मुंजींच्या चित्रफिती जुन्या डिस्कांवर पडून आहेत. त्यातले आजी-आजोबा पुन्हा चित्रित करता येणार नाहीत. तेव्हा नातेवाईकहो, त्या चालताहेत तोवरच एकदा उघडून बघा, आणि खुल्या साच्यात एक प्रत करून ठेवा.