मामूचा टाका

वेल्डिंग म्हणजे फाटकाचं वेल्डिंग, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. नांदेडात तरी दुसरं पाहण्यात नव्हतं. ती समजूत भाच्यानं मोडली. पोरगा इंजिनिअरिंगला. एके दिवशी दिवाणखान्यात दहा-बारा पाइप आणून आदळले आणि म्हणाला, "मामा, आम्ही रेसची गाडी करतोय."

"चालवणार कोण?" ताईनं आतून विचारलं. पोरगा निमूटपणे पाइप मोजू लागला.

स्पर्धेचं नाव बाहा. १९७६ साली अमेरिकेत एका विद्यापीठात सुरू झाली, पुढं आपल्याकडे इंदूरजवळ पीथमपूरला आली. इंजिन सगळ्यांना सारखंच, दहाएक घोड्यांचं. तेव्हा अक्कल दाखवायची ती सांगाड्यात. गाडी उलटली तर पोराचं डोकं हा पाइपांचा पिंजरा सांभाळणार. म्हणून पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के हवा, आणि ज्यानं पिंजरा जोडला त्याच्याच हातचे दोन नमुने द्यायचे. एक ओढून तोडतात, दुसरा उभा चिरून टाका आत किती मुरलाय ते बघतात. तोडताना पाइप फाटला तर चालेल, टाका सुटता कामा नये. (सोयरिकीतही अशी सोय असती तर!)

रेसच्या गाड्यांचा इतिहास तरी काय, बराचसा गॅरेजातलाच. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा बंब निघाला. कार्बाइडवर पाणी टाकून गॅस काढायचा. तो वास आमच्या पिढीला जत्रेतल्या दिव्यांमुळे पाठ आहे. १९४६ साली इंग्लंडात कूपर बापलेकांनी दोन मोडक्या फियाटचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून सांधले आणि मागं मोटरसायकलचं इंजिन बसवलं. फेरारीसाहेब या मंडळींना नाक मुरडून 'गॅरेजवाले' म्हणत. १९५९ साली जगज्जेतेपद त्या गॅरेजवाल्यांच्याच गाडीनं नेलं! त्याच वर्षी मासेरातीनं दोनेकशे बारीक नळ्या जोडून एक गाडी केली. लोक तिला 'पिंजरा'च म्हणत. पुढं १९६२ त लोटसनं पत्र्याची पेटी आणली, १९८१ त मॅक्लॅरननं कार्बनचं कापड. पण गरिबाच्या गाडीला अजून पाइपच.

आमच्या गल्लीतल्या वेल्डरचा नमुना पोरांनी ओढला तो टाक्यातच सुटला. वरून कसा मोत्याच्या सरीसारखा दिसत होता! ताई दोन दिवस जेवली नाही.

मग लातूरच्या साडूंना फोन केला. आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून २०१५ पासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. साडू म्हणाले, "२०१६ त मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी आलं, तेव्हा इथले गळके टँकर ज्यानं सांधले, तो मामू आहे. त्याचा टाका पाणी सोडत नाही."

मामूकडं स्टीलच्या रेलिंगसाठी घेतलेलं आर्गनचं मशीन होतं. मूळचं हे तंत्र १९४० च्या दशकातलं, विमानांच्या कारखान्यातलं. मामूनं आधी पाइपांची टोकं कानशीनं घासून माशाच्या तोंडासारखी केली. सांध्यात पोस्टकार्ड शिरेना. मग सगळीकडं नुसते टाके, आणि जोड एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. "एकाच अंगानं जोडलं तर गरमीनं पाइप ओढतो, पिंजरा वाकडा होतो," तो म्हणाला. चार दिवस पोरं तोंडात बोटं घालून उभी.

नमुना ओढला. पाइप फाटला, टाका जागचा हलला नाही. भाचा नाचतच सांगायला गेला. मामूनं फाटका तुकडा उलटसुलट करून पाहिला. चेहरा उतरला.

"अरे बाबा, तोडायचंच होतं तर जोडून कशाला घेतलं?"