कपाटातला सर्व्हर आणि भाड्याचे दप्तर

९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत डग्लस एंगलबार्ट सुमारे हजार श्रोत्यांसमोर बसले होते. जवळपास ५० किलोमीटरांवरील मेन्लो पार्कमधला त्यांचा सहकारी आणि ते स्वतः, दोघे एकाच वेळी पडद्यावरचा एकच मजकूर हाताळत होते. माऊसचे पहिले गाजलेले जाहीर दर्शनही त्याच दिवशी घडले आणि लोकांच्या लक्षात राहिला तो माऊसच.

दोन ठिकाणची माणसे आणि एकच दस्तऐवज, ही कल्पना लहान व्यावसायिकाच्या टेबलापर्यंत पोहोचायला मात्र पुढे जवळपास चाळीस वर्षे लागली. या विलंबाचे मोठे कारण खर्च हे होते.

१९८९ साली आलेले 'लोटस नोट्स' सामूहिक कामासाठीच घडवलेले होते. बाजारात येण्यापूर्वीच 'प्राइस वॉटरहाऊस' या लेखापरीक्षण कंपनीने त्याच्या १०,००० प्रती मागवल्या. हा आकडाच त्या काळच्या ग्राहकाचे चित्र उभे करतो. दहा माणसांच्या कचेरीला त्या पंगतीत पान नव्हते.

अशा कचेऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये 'स्मॉल बिझनेस सर्व्हर' आणला. पहिल्या आवृत्तीची मर्यादा होती २५ वापरकर्त्यांची. ईमेल, सामायिक फाइली, छपाई, सारे एकाच यंत्रावर. ते यंत्र बहुधा कपाटात किंवा जिन्याखाली ठेवलेले असे. ते बिघडले की तंत्रज्ञ येईपर्यंत काम ठप्प. तरीही कचेरीचे सारे दप्तर कचेरीच्याच कुलपात असे, हे येथे ध्यानात ठेवावे. कचेरीबाहेरच्या माणसाबरोबर काम करायचे झाल्यास फाइल ईमेलने जाई, दुरुस्त होऊन परत येई आणि 'अंतिम', 'अंतिम २', 'अंतिम नवीन' अशा नावांनी तिचा वंश वाढत जाई.

या कोंडीतून वाट काढली ती लहान कंपन्यांनीच. शिकागोतील '३७सिग्नल्स' ही संकेतस्थळांची रचना करणारी छोटी संस्था. तिचा प्रोग्रामर डेव्हिड हाइनमायर हॅन्सन कोपनहेगनमध्ये बसून काम करी. ग्राहकांशी चाललेला पत्रव्यवहार हाताबाहेर जाऊ लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक साधन बनवले. फेब्रुवारी २००४ मध्ये ते 'बेसकॅम्प' या नावाने विक्रीस आले आणि पुढे मूळ धंदाच मागे पडला. २००५ मध्ये 'अपस्टार्टल' या चिमुकल्या कंपनीने ब्राउझरमध्येच लिहिता येणारे 'राइटली' आणले. पान पुन्हा न उघडता बदल थेट सर्व्हरवर नोंदवण्याचे तंत्र तेव्हा नुकतेच रुळत होते, त्यावर ते उभे होते. त्याच वर्षी श्रीधर वेंबू यांच्या कंपनीने 'झोहो रायटर' आणले. भारतातील अभियंत्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या या कंपनीचा उल्लेख पाश्चात्त्य इतिहासकथनांत बहुधा तळटिपेपुरताच येतो.

मार्च २००६ मध्ये गूगलने 'राइटली' विकत घेतले. त्यातूनच 'गूगल डॉक्स' घडले. ऑगस्टमध्ये लहान संस्थांना स्वतःच्या नावाचा ईमेल देणारी सेवा सुरू झाली, तीही विनामूल्य. सशुल्क आवृत्ती फेब्रुवारी २००७ मध्ये आली, दर माणशी वर्षाला ५० डॉलर. दहा जणांचे ५०० डॉलर. यंत्र, परवाने आणि तंत्रज्ञ यांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती. फुकटची आवृत्ती तर लहान दुकानदारांना देणगीच वाटली.

या व्यवहाराची दुसरी बाजू २४ फेब्रुवारी २००९ रोजी दिसली. युरोपातील एका डेटा केंद्रातील नेहमीच्या देखभालीचे निमित्त होऊन जीमेल सुमारे अडीच तास बंद पडले. कपाटातला सर्व्हर बंद पडला, तर निदान त्याच्यापाशी जाऊन उभे तरी राहता येई. दप्तर ज्याच्या ताब्यात, परवानगीही त्याचीच, हे पेशवे दप्तराची कथा जाणणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

खरे वळण मात्र २०१२ चे. त्या जुलैत मायक्रोसॉफ्टने 'स्मॉल बिझनेस सर्व्हर'ची मालिका थांबवत असल्याचे जाहीर केले. ईमेलसाठी शिफारस होती ती वर्षभरापूर्वीच सुरू झालेल्या 'ऑफिस ३६५'ची, म्हणजे भाड्याची. डिसेंबरमध्ये गूगलने नव्या ग्राहकांसाठी विनामूल्य आवृत्ती बंद केली. स्वतःच्या यंत्राची ओळखीची वाट आणि फुकटची वाट, दोन्ही एकाच वर्षी मिटल्या. २०२० च्या महासाथीने ही साधने घरोघरी नेली हे खरे. पण लहान व्यावसायिक भाडेकरू झाला तो त्याआधीच.

जुन्या विनामूल्य ग्राहकांना २०१२ मध्ये हात लावला गेला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनाही सूचना गेली की आता पैसे भरा. तक्रारींचा भडिमार झाल्यावर मे महिन्यात घरगुती वापरासाठी सवलत मिळाली. धंद्यासाठी मिळाली नाही. सर्वांत साधी योजना तेव्हा दरमहा माणशी ६ डॉलरची होती. पत्रे आणि फाइली उतरवून घेण्याची सोय होती, पण कोणी काय पाहावे याची बसवलेली घडी आणि ग्राहकांना वर्षानुवर्षे पाठवलेले दुवे नव्या जागी नेता येत नव्हते. बहुतेक सारे व्यवहार त्याच दुव्यांवर चाललेले होते.